अकरा पावलं

फुलचूर, गोंदिया
२ मार्च २०२५

रश्मी,

आज खेळाच्या टेबलावर भांडण झालं. ते आधी लिहितो, मग तुझी पाळी मागतो.

तुमची तिन्ही पात्रं कोरड्या नहरातून चालली होती. पुढे नीतूची लोहारीण, मध्ये भूपेंद्रचा मांत्रिक, मागे तुझी वाटाडी. मी म्हणालो, काठावरच्या झुडपातून जनावर अंगावर येतं. तुम्ही बेसावध आहात. बेसावध असेल त्याची पहिली पाळी जाते. जनावराने लोहारणीचा खांदा फोडला आणि तिघांनाही काही करता आलं नाही.

नीतू उठलीच. "ये क्या बात हुई? मेंढरं आहोत का आम्ही, उभं राहून खायला?"

भूपेंद्र म्हणाला, "सूत्रधाराने सांगितलं म्हणजे झालं. तू बस, भजे थंड होऊन राहिले."

"भजे खा तू. खांदा माझा फुटला."

तिने तिचे फासे पर्समध्ये टाकले. बेसावध कोण, सावध कोण आणि आधी कोणाची पाळी, हा नियम नीट ठरेपर्यंत येणार नाही म्हणाली. खरंच येणार नाही. तू जंगलात नोकरीला गेल्यापासून तुझी खुर्ची रिकामीच आहे. नीतू गेली तर मी आणि भूपेंद्र उरू. दोघांत हा खेळ होत नाही.

आता दुसरी पाळी आहे. तुझी वाटाडी काय करते? वीस बाजूंचा फासा टाक, आकडा कळव. साक्षीदार ठेव. भूपेंद्रचा तुझ्यावर विश्वास नाही, असं तो म्हणतो.

तुझ्या कुटीवर फोन लागत नाही, म्हणून पत्रच. मी कामाला आहे तिथली औषधांची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी कोहमाऱ्याला थांबते. पत्र उदारामच्या चहाच्या टपरीवर ठेवायला सांगतो.

हिमांशु


संरक्षण कुटी
७ मार्च

हिमांशु,

पत्र मिळालं. उदारामने त्यावर कप ठेवला होता.

साक्षीदार आहे. फागूमामा, माझ्याबरोबर गस्तीला असणारे वनमजूर. नात्याने मामा नाहीत, सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते. वय साठीच्या आत. ह्या रानात त्यांची तीस वर्षं गेली, माझी दोन. तरी वनरक्षक मी आहे आणि मजूर ते. साहेब आले की मी खुर्चीवर बसते, ते दाराशी उभे राहतात.

त्यांना खेळ समजावला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राने काय केलं ते सांगतात, जमलं की नाही ते फासा ठरवतो.

"मंग जितते कोन?"

"कोणीच नाही."

"मंग खेलता कायले?"

त्यांनी फासा हातात घेऊन सगळ्या बाजू पाहिल्या आणि परत दिला.

आता माझी हरकत. रानात तीन माणसं एकाच वेळी बेसावध नसतात. आधी वानर खाकरतं, मग चितळ ओरडतं. मागे चालणाऱ्याला ते ऐकू येतं, पुढच्याला स्वतःच्या पायांचा आवाज येत असतो. वाटाडी मागे होती. तिची पाळी तू उगाच खाल्लीस.

फागूमामांचं म्हणणं आणखी वेगळं आहे. मोहाची फुलं पडायला लागली आहेत. ह्या दिवसांत पहाटे अस्वलं झाडाखाली फुलं खात असतात, मान खाली घालून. म्हणून आम्ही मोठ्याने बोलत आणि काठीने खोडं वाजवत चालतो. म्हणजे ती लांबूनच निघून जातात. फागूमामा बायजाबाईंच्या, त्यांच्या बायकोच्या, तक्रारी सांगतात. तीनच आहेत, रोज त्याच. ते म्हणतात, "जनावराले बेसावध नाई करावं. मानसाले केलं तं चालते."

वाटाडी बाण सोडते. सतरा. फागूमामांनी पाहिलं. खाली त्यांची सही.

रश्मी


फुलचूर
११ मार्च

रश्मी,

सतरा लागला. बाण मांडीत गेला.

तुझी हरकत मान्य. खरं तर तुझ्या पत्राने मला झोप नाही. मी आजवर बेसावधपणा हवेतून ठरवत होतो. मला वाटलं की बेसावध. नीतू ह्यावरच चिडते आणि तिचं बरोबर आहे. अंतर पाहिजे. किती पावलांवर येईपर्यंत जनावराला माणसाचा पत्ता लागत नाही, तो आकडा. तो असला की वाद नाही. त्या आकड्याच्या बाहेरून वार केलात तर जनावर बेसावध, त्याची पाळी गेली. आत शिरलात तर ते सावध.

हा आकडा गोंदियात कोणाजवळ नाही. तुझ्याजवळ आहे. एखाद दिवस दोघं गप्प चालून बघा. न बोलता, काठी न वाजवता. जनावर दिसलं की पावलं मोजत जा. मान वर झाली की थांबा. दोन-तीन जातींचे आकडे दे. माझं जनावर अस्वलाच्या वळणाचं आहे, नाक तिखट, कान मंद. त्याचा मिळाला तर बरं.

नीतूला सांगितलं की रश्मी मोजून देणार आहे. ती येते म्हणाली.

हिमांशु


संरक्षण कुटी
१७ मार्च

हिमांशु,

तीन सकाळी गप्प चाललो. चितळ पंचावन्न पावलं. रानडुक्कर तीस, वारा समोरून होता. मोर मोजता येत नाही, तो आपल्याआधी आपल्याला पाहतो.

फागूमामांना हे आवडत नाही. पहिल्या दिवशी त्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गप चालून मले भेव वाट्टे, पोरी." मी हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाड काठी घेतली.

मला मात्र सवय लागली. गप्प चाललं की रान जवळ येतं. मी एरवी इतकी मोजत नाही. आता पाणवठ्यावर जातानाही मोजते, कुटीच्या दारापासून हापशापर्यंत मोजते. कुटीत बसवत नाही. रविवारी तुम्ही टेबलाशी बसता तेव्हा मी घड्याळ बघते आणि आता कोणाची पाळी असेल ते ठरवते.

अस्वलाचा आकडा नाही. फागूमामा त्याला नाही म्हणतात. बघते.

रश्मी


संरक्षण कुटी
२७ मार्च

हिमांशु,

अस्वल: अकरा पावलं. लिहून घे.

ह्या आठवड्यात फासा टाकलेला नाही. साक्षीदार नाही. वाटाडीची पाळी नीतूने खेळावी.

एक विचारायचं आहे. बेसावध असलेल्याची पाळी जातेच का? नेहमी?

रश्मी


फुलचूर
१ एप्रिल

रश्मी,

अकरा! मी तीस धरले होते. फागूमामांना माझा सलाम सांग.

तक्ता करून भिंतीला लावला. चितळ पंचावन्न, डुक्कर तीस, अस्वल अकरा. रविवारी त्यावरच खेळलो. वाटाडी नीतूने चालवली. तिने नहराच्या काठाने तिला सरकवत आणलं, चौदा, तेरा, बारा, आणि बाराव्या पावलावरून बाण. जनावर बेसावध, त्याची पाळी गेली. लोहारणीने घण घातला. मेलं. नीतू खुर्चीवर उभी राहिली. भूपेंद्रची आई आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, नेहमी. बेसावध असलेल्याची पहिली पाळी जाते. इथे अपवाद केला तर पुन्हा भांडण. आता नियम आहे, आकडा आहे, वाद संपला.

पुढच्या वेळी फासा टाक. तुझ्याशिवाय वाटाडी नीतूसारखी बोलायला लागली आहे.

हिमांशु


फुलचूर
४ एप्रिल

रश्मी,

गाडीवरचा मुलगा आज परत आला तेव्हा त्याने उदारामचा निरोप दिला. उदाराम म्हणाला म्हणे, त्या मॅडमच्या मजुराला अस्वलाने धरलं, चेहरा गेला, दहा-बारा दिवस झाले, त्यांना पत्रात काही मस्करीचं लिहू नका.

मी दिवस मोजले. तुझं पत्र सत्तावीसचं आहे.

तक्ता काढला. अजून काही लिहीत नाही. काय झालं ते कळव.

हिमांशु


संरक्षण कुटी
९ एप्रिल

हिमांशु,

सोमवार, २४ मार्च. सकाळी साडेपाचला निघालो. फागूमामा पुढे होते. मी म्हणाले, आज बोलू नका.

"अजून तेच?"

"एकदाच. अस्वलाचं झालं की संपलं."

"त्या पोराले दुसरा काम नाई का?"

एवढं म्हणून ते चालू लागले.

वळणावर दोन मोह आहेत. अस्वल दिसलं तेव्हा साठेक पावलं लांब होतं. पाठमोरं, मान खाली. वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता. फागूमामा थांबले. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, पुढे. ते उभेच. मी पुन्हा केली. मग ते गेले. मी मागे मोजत होते.

ते वळलं तेव्हा आधी दचकलं. ओरडलं, म्हातारं माणूस ओरडतं तसं. आम्ही दोघं सावध होतो. तिथे बेसावध एकटं तेच होतं. आणि आधी तेच आलं. तू लिहिलंस की त्याची पाळी जाते. गेली नाही. सावध असून माझी गेली. मी काठी घेऊन पोचले तेव्हा ते त्यांच्या छातीवर होतं. मी मारलं, ओरडले, ते निघून गेलं. फागूमामांच्या चेहऱ्याची डावी बाजू कपाळापासून जबड्यापर्यंत सुटली होती.

बिनतारी संदेशावर गाडी मागवली. त्यांना घालून दिलं. गाडीत माणसं पुरेशी होती, मला म्हणाले तू कुटीवर थांब. मी परत त्या वळणावर गेले आणि जिथे त्यांची काठी पडली होती तिथून झाडापर्यंत मोजलं. अकरा आली. तीन दिवसांनी तुला कळवली. का कळवली ते मला सांगता येत नाही. तू मागितली होतीस.

आता हे. साहेबांनी माझा जबाब तयार करून ठेवला आहे. "नियमित गस्तीदरम्यान अस्वलाने अचानक हल्ला केला." खाली माझं नाव आणि सहीची जागा. सतरा तारखेपर्यंत द्यायचा. सही केली तर काही होत नाही. वेगळं लिहिलं तर विचारतील की मोहाच्या दिवसांत गप्प कशासाठी चालत होता. मी अजून कायम झालेली नाही. चौकशी लागली तर होणारही नाही. घरी माहीत नाही. तुला माहीत आहे, कारण ह्यात माझ्यासोबतचा दुसरा तू आहेस.

ते "अचानक" माझ्यामुळे झालं. हे मी लिहावं का?

रश्मी


फुलचूर
१३ एप्रिल

रश्मी,

सही कर.

दोन दिवस विचार करून लिहितो आहे. जबाबातला शब्द खोटा नाही. अस्वल अचानकच आलं. ते कधी येणार हे तुला माहीत नव्हतं. वेगळं लिहून फागूमामांचा चेहरा परत येत नाही, तुझी नोकरी मात्र जाते. आपल्याकडच्या पोरींपैकी किती जणींना ही नोकरी मिळते ते तू मला कितीदा सांगितलं आहेस.

माझं ११ मार्चचं पत्र तुझ्याजवळ असेल. ते जाळून टाक. ते कोणाच्या हाती लागलं तर त्याचा अर्थ वेगळा होईल. तुझ्यासाठी म्हणतो.

हे पत्र पाकिटात घालून परत काढलं. तुझ्यासाठी म्हणतो हे खरं नाही. मला भीती वाटते. इथल्या ज्या दवाखान्यात त्यांना ठेवलं तिथल्या औषधांच्या खिडकीवर मी आठवड्यातून दोनदा माल द्यायला जातो. चार तारखेनंतर तीनदा गेलो. वॉर्ड जिन्याच्या वर आहे. एकदा सहा पायऱ्या चढलो आणि माल मोजायचा राहिला असं स्वतःला सांगून उतरलो. मंगळवारी कळलं की त्यांना घरी सोडलं. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

नीतूला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "आपण त्या माणसाला प्यादं केलं बे. आणि मी खुर्चीवर नाचली." मग ती घरी गेली. भूपेंद्रने फोन उचलला नाही.

तरीही सही कर.

हिमांशु


मुक्काम कोहमारा
२६ एप्रिल

हिमांशु,

सही केली नाही.

सोळा तारखेला कोऱ्या कागदावर लिहून दिलं. दीड पान झालं. साहेबांनी उभ्याने वाचलं.

"हे काय आहे?"

"झालं ते."

"अंतर मोजत होती? कायले?"

"खेळासाठी."

त्यांनी चष्मा काढला. "रश्मी, तुला समजून राहिलं का तू काय देऊन राहिली? तयार कागद आहे. सही कर आणि जा."

मी म्हणाले, खूण मी केली होती, दोनदा. त्यांनी कागद दुमडून ठेवला आणि म्हणाले, "तुझी मर्जी." बावीसला पत्र आलं. चौकशी लागली आहे. तोवर मला गस्तीवरून काढून इथल्या रोपवाटिकेत ठेवलं आहे. पिशव्यांत माती भरते. कायम होण्याचं आता कोणी बोलत नाही. घरी सांगितलं. आई तीन दिवस बोलली नाही, मग तिने विचारलं, जेवतेस का?

तुझं पत्र जाळलं नाही. जबाबाला जोडलंही नाही. मागितलं तर देईन. मी एवढंच लिहिलं की अंतर मोजायचं एका मित्राने सुचवलं आणि ते मी मजुराकडून करवून घेतलं. दुसरा अर्धा भाग जास्त खरा आहे. तू गोंदियात बसून कोणाला पुढे पाठवू शकत नव्हतास.

काल फागूमामांकडे गेले. अंगणात बाजेवर बसले होते, भिंतीला टेकून. डाव्या बाजूला कपाळापासून हनुवटीपर्यंत पट्टी. बोलताना तोंड उजवीकडूनच उघडतं. मी पाठ करून गेले होते, ते सगळं सांगितलं. वारा, झाड, खूण, जबाब. त्यांनी ऐकलं.

"मले मालूम होता," ते म्हणाले. "नोको जाऊ असं मनात आलं."

"मग का गेलात?"

"तू हात दाखवला ना. तू गार्ड. मी मजूर." मग म्हणाले, "मामा म्हनली म्हनून काय झालं?"

मी म्हणाले, रागवा माझ्यावर.

"राग कायचा? नोकरी तुही गेली, डोरा माहा. आता नवीन मजूर भेटला तं त्याले हात नोको दाखवजो. तोंडानं सांगजो. तोंडानं सांगितलं असतं तं मी भांडलो असतो."

बायजाबाई इतका वेळ सुपात डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यायले राग येत नाई. मले येते."

मी उभी राहिले.

"बस. रडू नोको. माफी मांगाले आली असशीन तं आपल्या घरी जाय. मले कामाचं मानूस पायजे. शिस्टर तीन दिसाआड येते, बाकीच्या दिसाले पट्टी मले करा लागते. मी डोरे मिटून करतो. मले पाहवत नाई. पट्टी ओढल्या जाते, ह्यायले दुखते." सूप खाली ठेवलं. "तू पाह्यलं होतंस ना? मंग तू कर."

हात धुतले. पट्टी तीन वेळा पाणी लावून सुटली. फागूमामा माझ्याकडे न बघता कोंबड्यांकडे बघत होते. टाके काढले आहेत. गाल बसला आहे, नाकपुडीजवळ अजून ओलं आहे. डोळा जागेवर आहे, पण त्याने दिसत नाही आणि वरची पापणी मिटत नाही. झोपले तरी उघडाच राहतो, म्हणून बायजाबाई त्यावर ओला कपडा ठेवतात आणि तो सुकला की उठून परत भिजवतात. मला वीस मिनिटं लागली. बायजाबाई तेवढा वेळ घराच्या मागे होत्या.

मी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी जाते म्हणून सांगितलं. बायजाबाईंनी औषधांचा डबा दाखवला.

जाळीची पट्टी दोन वेळची उरली आहे. मलम संपत आलं आहे, नाव मागच्या बाजूला लिहिलं आहे. डोळ्यात घालायचे थेंब रोज लागतात. पाठवू नको. तू घेऊन ये. गाव इथून नऊ किलोमीटर, शेवटचे दोन पायी. बायजाबाई शिव्या देतील. ऐकून घे आणि मग हात धू.

रश्मी